मंगळवारची लेनोर

तळघरात कपडे वाळवायच्या ड्रायरच्या मागे पडलेला मोजा काढायला रुडी मात्तिला गुडघ्यावर बसला, हात पार भिंतीपर्यंत घातला, आणि मोज्याऐवजी त्याच्या बोटांना भलतंच काहीतरी लागलं. ओढून पाहिलं तर काळा, गुळगुळीत, अंगाला घट्ट बसणारा बायकी कपडा. छातीखालून थेट मांडीपर्यंतचा. मागच्या नळीला हँगरनं अडकवून वाळत घातला होता. म्हणजे तो पडलेला नव्हता, लपवलेला होता. कडेला बारीकशी लेस होती. रुडीनं ती अंगठ्यानं चाचपली. इतक्या वर्षांच्या संसारात लेनोरनं लेस लावलेलं काही अंगात घातल्याचं त्याला आठवत नव्हतं.

वर स्वयंपाकघरात तिची पावलं वाजली. त्यानं कपडा होता तसा अडकवला आणि जिना चढून आला. ती बटाटे सोलत होती. लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद स्वेटर अंगात. हल्ली घरातही ती अशीच असायची. थंडी वाजते म्हणायची.

"मोजा मिळाला?"

"नाही," रुडी म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. रुडीनं कॉफी ओतून घेतली आणि तिच्या पाठीकडे बघत बसला. ही पाठ त्याच्या ओळखीची नव्हती. लेनोर पहिल्यापासून अंगानं भरलेली. मुली झाल्यावर ती आणखी सुटली, तेव्हाही तिला त्याचं काही वाटलं नव्हतं आणि रुडीलाही. मग गेल्याच्या आदल्या वर्षी रक्तात साखर निघाली, डॉक्टरनं डोळ्यांची आणि पायांची भीती घातली, आणि लेनोरनं मनावर घेतलं. आठवड्याला पोटात इंजेक्शन घ्यायचं, लोणी बंद, मांस-बटाटा भरलेली पेस्टी खायची तर अर्धीच. बर्फात घसरायची भीती म्हणून सकाळी शाळेच्या लांबलचक कॉरिडॉरमधून फेऱ्या मारायच्या. बघता बघता ती इतकी उतरली, की कॅल्युमेटच्या दुकानात ओळखीचे लोक तिच्या बाजूनं निघून जायचे आणि मग मागे वळून हाक मारायचे.

रुडीला अभिमान वाटला होता. पण त्याच सुमारास घरातली दारं बंद व्हायला लागली. आधी न्हाणीघराचं. मग झोपायच्या खोलीतला दिवा. तो विझल्याशिवाय ती कपडे बदलेना. अंधारात रुडीनं तिच्या कमरेवर हात ठेवला, की ती तो हात हलकेच उचलून खांद्यावर आणून ठेवायची. त्यात राग नसायचा. एखादी बशी टेबलाच्या कडेवरून आत सरकवावी, तसं ते असायचं.

आणि शनिवारचं सौना. घरामागची ती वाफेनं घाम काढायची लाकडी खोली रुडीच्या वडिलांनी बांधलेली. लग्न झालं त्या आठवड्यापासून दर शनिवारी संध्याकाळी दोघं तिथे बसत आली होती, वरच्या फळीवर, उघड्या अंगानं, तापलेल्या दगडांवर डावानं पाणी ओतत. आठवडाभराच्या सगळ्या गोष्टी लेनोर तिथेच बोलायची. लाल झालेली, घामानं निथळणारी, रुडीच्या दुप्पट जागा व्यापून. आता ती म्हणायची, उष्णतेनं चक्कर येते, तू जाऊन ये. तो बाहेर आला की मग एकटी जायची आणि आतून कडी घालायची. ती कडी कधीच कुणी वापरली नव्हती, गंजून गेली होती. एकदा रुडीनं सहज हात लावला, तर ती मुकाट्यानं सरकली. तिला तेल घातलेलं होतं.

सकाळच्या कॉफीला पेट्रोलपंपावर जमणाऱ्यांत एल्डन नावाचा त्याचा जुना सोबती होता. दोघांनी जन्मभर रस्त्यांवरचा बर्फ काढणारे ट्रक चालवले होते. एल्डन म्हणाला होता, "तुझ्या घरातली एक वस्तू झाली की रे नवीकोरी. आता तुला कधी बदलते बघ." सगळे हसले, रुडीही हसला. घरी येताना मात्र त्यानं गावातले पुरुष एकेक करून मनात उभे केले. दातांचा डॉक्टर. शाळेचा तो विधुर शिपाई, जो सकाळी कॉरिडॉरचे दिवे लावतो. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाराही सुटला नाही, आणि तो तर पंच्याहत्तरीचा होता.

राहता राहिला मंगळवार. मंगळवारी चर्चच्या तळघरात बायका गोधड्या शिवायला जमत, आणि लेनोर तिकडे जायची. परत यायची तेव्हा तिच्या मानेवरचे केस ओलसर असायचे. बर्फ भुरभुरत होता, म्हणायची. पण एका स्वच्छ उन्हाच्या मंगळवारीही ते ओले होते, आणि त्यांना वास होता, धुतलेल्या फरशीसारखा, परक्या जागेचा.

पुढच्या मंगळवारी ती गेल्यावर रुडीनं ओट्यावरचं एक काचेचं भांडं उचललं आणि हे कुणाचं राहिलंय म्हणून विचारायला चर्चच्या तळघरात गेला. बायका लांब टेबलाभोवती बसल्या होत्या. त्यांत लेनोर नव्हती. आउना नावाच्या म्हातारीनं त्याला बाजूला घेतलं. शरद ऋतूपासून लेनोर इकडे फिरकलीच नाही, ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "खरं सांग रुडी, तिला कॅन्सर तर नाही ना? तोंड किती ओढलंय तिचं. केसही किती गेले. आम्ही आपल्या प्रार्थनेत नाव घेतोच आहोत."

रुडी म्हणाला, नाही, तसं काही नाही. भांडं घेऊन तो परत आला. ते त्यांच्याच घरचं होतं.

नंतरच्या मंगळवारी तिची निळी गाडी वळणाआड गेल्यावर त्यानं पिकअप बाहेर काढली. ती दक्षिणेकडे निघाली. पूल ओलांडून, खाडीच्या काठाकाठानं, गोठलेल्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांच्या टपऱ्या मागे टाकत. बरागा गाव ओलांडल्यावर तिनं दिवा दाखवला आणि हमरस्त्यालगतच्या एका मोटेलच्या आवारात वळली. रुडी थोडा पुढे जाऊन परत फिरला. तिची गाडी इमारतीच्या मागच्या बाजूला लावलेली होती, रस्त्यावरून दिसणार नाही अशी.

तो गाडीतच बसून राहिला. काच आतून धुरकट होत गेली. कोण असेल यापेक्षा, दार उघडल्यावर आपण काय बोलायचं हाच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता, आणि एकही वाक्य जुळत नव्हतं. शेवटी तो उतरला. काउंटरवरच्या मुलीनं खोली हवी का विचारलं. कुणाला तरी शोधतोय, तो म्हणाला. तिनं त्याच्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

नाश्त्याच्या टेबलांपलीकडे काचेची भिंत होती आणि तिच्यापलीकडे पोहण्याचा तलाव. काचेवर वाफ धरलेली होती. रुडीनं कोटाच्या बाहीनं हाताएवढी जागा पुसली.

पाण्यात चार-पाच म्हाताऱ्या बायका मानेपर्यंत बुडून हातपाय हलवत होत्या. आणि काठावरून लेनोर चालत येत होती. पोहण्याच्या साध्या पोशाखात. खांद्यावर टॉवेलसुद्धा नव्हता.

आपली बायको ओळखायला त्याला क्षणभर लागला. दंडाखालून कातडी लोंबत होती, रिकाम्या बाहीसारखी, आणि पाऊल पडेल तशी हलत होती. मांड्यांची घडी गुडघ्यावर येऊन थांबलेली. पोशाखाखाली पोटाचा एक सैल पदर. जांघेपाशी लाल चट्टे, घासून घासून आलेले. हे सगळं बरोबर घेऊन ती चालली होती, सावकाश, घाई न करता, स्वतःच्या अंगणात चालावं तशी. पाण्यातून कुणीतरी तिला काही म्हणालं. लेनोरनं दोन्ही हात पसरले आणि दंडाखालची कातडी पंखांसारखी फडफडवली. सगळ्या बायका हसल्या. लेनोर सगळ्यांत जास्त हसली, डोकं मागे टाकून. हे हसू रुडीनं शेवटचं कधी पाहिलं होतं? सौनात, वरच्या फळीवर.

काचेमुळे आवाज येत नव्हता. पुसलेल्या जागेवर पुन्हा वाफ धरायला लागली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, सापडलं का कोणी? रुडी म्हणाला, नाही, आणि बाहेर आला.

परत येताना त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दुसरा पुरुष नव्हता. तो काळा कपडाही आता उमगला. ती कातडी आवळून धरायला होता तो, कुणाला दाखवायला नव्हे. पण पूल आला तरी छातीवरचा दगड हलला नाही. परक्या बायकांसमोर ती उघडी चालली. दाराला कड्या होत्या त्या फक्त त्याच्यासाठी.

शनिवारी दुपारीच त्यानं सौनाची चूल पेटवली. ती टॉवेलांच्या घड्या करत होती, तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "मंगळवारी मी बरागाला होतो."

लेनोरचा हात घडीवर थांबला. मग तो बर्फातून पायवाटेनं जाऊन आत बसला, वरच्या फळीवर, आपल्या जागी. बराच वेळ गेला. मग दार उघडलं, थंड हवेचा झोत आला आणि लेनोर आत आली, जाड गाउनचा पट्टा घट्ट बांधून. ती खालच्या फळीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून.

"कुठपर्यंत आला होतास?"

"काचेपर्यंत."

"म्हणजे सगळं पाहिलंस."

"पाहिलं."

"मग आत का नाही आलास?"

रुडीनं घाम पुसला. "मला वाटलं होतं, दुसरं कुणी असेल."

तिला समजायला वेळ लागला. मग ती हसली, पण ते तलावावरचं हसू नव्हतं. "दुसरं कुणी. ह्या अंगासाठी."

तिनं गाउनचा पट्टा सोडला आणि तो खांद्यावरून खाली टाकला. बघायचंय तर नीट बघ, असं काही ती म्हणाली नाही, पण वळून बसली. बाहेरचा उजेड मावळत आला होता. बोलली ती दगडांकडे बघत. डॉक्टर म्हणतो, आता हे आपणहून आत जाणार नाही. कापून काढता येतं, पण तिला चिरफाड नको. उन्हाळ्यात घड्यांमध्ये चट्टे उठतात, रोज मलम लावावं लागतं. लाकडावर बसलं की हाडं टोचतात. कंगव्यात केस येतात. साखर मात्र उतरली, पायांची आग थांबली, आणि पाण्यात गेलं की ही कातडी वजन नसल्यासारखी तरंगते.

"माझ्यापासून का लपवलंस?" रुडी म्हणाला. "त्या बायकांनी पाहिलेलं चालतं."

"त्या बायका माझा फोटो खिशात घालून हिंडत नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळ्यांसमोर म्हणालास, जुनी देऊन नवी आणली. पेट्रोलपंपावर माझा आताचा फोटो दाखवतोस, मला कळतं सगळं. इतका खूश होतास, रुडी. आधी कधी माझा फोटो कुणाला दाखवला होतास?"

रुडी आठवत राहिला. चुलीत लाकूड तडतडलं.

काही वेळानं त्यानं विचारलं, "त्या बायकांना माझ्याबद्दल काय सांगितलंयस?"

लेनोर म्हणाली, "पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, नवरा काय म्हणतो? मी म्हटलं, नवरा नाही. वारला."

रुडीचा हात नकळत छातीवर गेला.

"कशानं?"

"हार्ट. दारासमोरचा बर्फ काढताना."

खिडकीच्या काचेवरून एक थेंब निघाला आणि वाकडातिकडा खाली आला.

"चांगला होता का?" रुडीनं विचारलं.

"चांगला होता," लेनोर म्हणाली. "मी त्यांना वाईट काही सांगितलं नाही."

रुडी वरच्या फळीवरून उतरला. उतरताना त्याचं स्वतःचं पोट मांडीवर टेकलं, गुडघे वाजले. तो तिच्या शेजारी खालच्या फळीवर बसला. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून फळीवरच ठेवला.

"मंगळवारी मी येऊ?"

लेनोरनं त्याच्याकडे पाहिलं. आत आल्यापासून पहिल्यांदाच, आणि बराच वेळ पाहिलं, जणू खरंच अंदाज घेत होती.

"ये की. पण त्यांना काय सांगू, कोण आलाय म्हणून?"

रुडीनं बादलीतून डावभर पाणी घेतलं आणि डाव दगडांवर धरून थांबला. तिनं मान हलवली, तेव्हा ओतलं.