आवाज लिहून पाठवा

घर्र्र्र्र्… ठक्. घर्र्र्र्र्… ठक्.

हे कुणाचं तरी वॉशिंग मशीन आहे. कुणाचं, माहीत नाही. आणि ते ऐकत बसायला वेळ नाही, कारण त्याच्यामागे एक पंखा उभा आहे, पंख्यामागे फ्रीज, फ्रीजमागे कसलासा पंप, त्यामागे शेपूट दिसू नये एवढी रांग, आणि आकडा चढतोय, चढतोय, अगं बाई, अजून चढतोय!

मी कॉलेजच्या लॅबमध्ये. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकापुढे. उभी. खुर्ची आहे, पण बसवत नाही.

थोडक्यात सांगते.

माझा मामा घरातली मशीनं दुरुस्त करतो. गिऱ्हाईक फोन करायचं, "कसला तरी आवाज येतोय हो." मामा पिशवीत पट्टा घालून जायचा, तिथे कळायचं की पट्टा ठणठणीत आहे, बेअरिंग गेलंय. परत दुकान, परत जिने. म्हणून मी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून इंटरनेटवर एक पान बनवलं. नाव 'कसला आवाज'. गिऱ्हाइकाने फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि पानावर चढवायचा. मामाने दुकानात बसून ऐकायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचं. बटणं दोन. संपलं.

मग एका बाईंचा मिक्सर बरा झाला. त्या बाईंचे स्वयंपाकाचे व्हिडिओ अर्धं जग बघतं, हे मामाला ठाऊक नव्हतं. काल त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं: आवाज पाठवला आणि उत्तर आलं!

आज सकाळपासून अर्धं जग आवाज पाठवतंय.

लोकांना वाटतंय, आत कुणी फार हुशार यंत्र बसलंय.

आत मामा बसलाय.

*पाटी (पानाच्या डोक्यावर मी लावते ती): गर्दी आहे. उत्तर येईल. धीर धरा.*

फोन.

"पिपे!" लहानपणी मी रडायचे कशी, त्यावरून मला पिपाणी म्हणतात, मामाला तेवढंही लांब वाटतं. "पिपे, एकाने विमान पाठवलंय!"

"विमान?"

"तो म्हणतो केस वाळवायचं यंत्र. मी म्हणतो विमान. काय सुरेख आवाज आहे गं!"

"मामा, सुरेख नंतर. उत्तर लिही आणि पुढचा घे."

"मी बोलतोय, तुझी मामी टाइप करतेय. निम्मं गाळतेय."

मागून मामी: "गाळणारच. लोकांनी मशीनबद्दल विचारलंय, त्यांच्या अकलेबद्दल नाही."

फोन बंद. पान हळू. पान आणखी हळू. संगणकाच्या पोटातला पंखा असा ओरडतोय की त्याचाच आवाज मामाला पाठवावा.

आणि दारात मॅडम.

ही लॅब मॅडमच्या ताब्यात. हा संगणकही त्यांचाच. याच्यावर आमच्या वर्गाचे प्रोजेक्ट जमा करायचं पान चालतं. "तुझं पिल्लू राहू दे एका कोपऱ्यात," असं त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या. पिल्लू हत्तीचं निघालं. आणि प्रोजेक्ट जमा करायचा शेवटचा दिवस नेमका आज.

"डिस्क भरत आलीय," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या खडखडाटाने. बाहेर पोरं फिरतं चक्र बघत बसलीत, एकाचाही प्रोजेक्ट चढत नाहीये."

"मॅडम, मी एका कंपनीकडे पानासाठी इंटरनेटवर भाड्याची जागा मागितलीय. ते म्हणतात, ओळख पडताळत आहोत."

"पडताळू देत. मी तोवर पोरांचं पेनड्राइव्हवर घेते. पण लॅबला कुलूप लावायच्या आत हे मशीन मोकळं दिसलं नाही, तर वायर काढीन. आणि एकदा काढलेली वायर मी पुन्हा लावत नाही, आधीच सांगते."

म्हणजे संध्याकाळ. म्हणजे तोवर हत्तीला कोपऱ्यात बसवायचं, नाहीतर 'कसला आवाज' गप्प. कायमचं.

भीती वाटायला हवी. वाटतेय. पण ही नुसती भीती नाही. अहो, लोक येतायत! मी बनवलेल्या दारातून, धक्काबुक्की करत, येतायत!

प्रयत्न. लांब आवाज घेणं बंद केलं.

*पाटी: छोटा आवाज पाठवा. अख्खं मशीन नको.*

लोक तुकडे करून पाठवू लागले. भाग पहिला. भाग दुसरा. भाग तिसऱ्याच्या सुरुवातीला एक काका घसा साफ करून म्हणतात, "आता खरी मजा ऐका."

प्रयत्न. आवाज दाबून बारीक केले, म्हणजे जागा कमी लागेल.

फोन. "पिपे, सगळ्यांची मशीनं विहिरीत पडली का? नुसतं बुडबुड ऐकू येतंय."

परत पहिल्यासारखं केलं.

*पाटी: एकच आवाज चार वेळा पाठवल्याने मशीन चौपट लवकर बरं होत नाही.*

ही पाटी लोकांना इतकी आवडली, की तिचे फोटो काढून त्यांनी एकमेकांना पाठवले. आता आवाज नसलेले लोकही येतायत. पाटी वाचायला! घरात एकही बिघडलेली वस्तू नाही, आणि येतायत, हसतायत, गंमत म्हणून स्वतःच्याच शिट्ट्या चढवून बघतायत, आणि आकडा, आकडा

थांबला.

पान पांढरं.

पंखासुद्धा घुसमटल्यासारखा.

दुकानात फोन लावला. मामीने उचलला आणि तसाच टेबलावर ठेवला असावा, कारण मला अख्खं दुकान ऐकू येत होतं. खुर्च्या, पाने-पकडी, आणि मामाचा चढलेला सूर.

"आजोबा, सांगतोय ना, तुमचा आवाज पानावर आहे आणि पान उघडत नाहीये. उघडलं की ऐकतो."

"अरे, पान कशाला हवं? मी इथे तुझ्यापुढे उभा आहे ना! असं करतंय बघ. ढुर्र, ढुर्र, ढुर्र, फट्! ढुर्र, ढुर्र, ढुर्र—"

"आजोबा, तोंडाने नको."

"फट्!"

मग मामा, खालच्या पट्टीत, नाइलाजाने: "फट् झाल्यावर थांबतं?"

"थांबतंय कसलं! उड्या मारतं."

"उड्या मारताना किर्र?"

"किर्र नाही. किंचित च्यक्."

"पायाचं रबर गेलंय. पट्टाही सैल झालाय. उद्या येतो."

माझ्या हातातला फोन मी कानाला इतका घट्ट दाबला होता की कान दुखायला लागला. रेकॉर्डिंग नाही. फाइल नाही. तोंडाने. आणि उत्तर!

"मामी! मामी, फोन घे! हे नेहमी असंच असतं?"

"असंच म्हणजे?"

"माणसं तोंडाने आवाज काढून दाखवतात?"

"मग कशाने दाखवणार? दुकानात येणारं प्रत्येक माणूस मशीन होऊन दाखवतं. मागे एक वकीलबाई आल्या होत्या, काळ्या कोटात. इतक्या झकास मिक्सर झाल्या, की रस्त्यावरची माणसं आत डोकवायला लागली. तुझं ते पान आल्यापासून आमच्या ह्यांना फॅड लागलंय: तोंडाने नको, फोनवर आणा."

ढुर्र. फट्. च्यक्.

मी ते समोरच्या कागदावर लिहून बघितलं. सहा-सात अक्षरं. एका रेकॉर्ड केलेल्या खडखडाटाला जेवढी जागा लागते, तेवढ्यात अख्खी कादंबरी मावेल. मी सकाळपासून हत्तीला कोपऱ्यात कोंबत होते, आणि आजोबांनी त्याचं चित्र काढून हातात दिलं!

"मामी, मामाला दे. मामा, ऐक. लोकांनी आवाज लिहून पाठवायचा. तुला चालेल?"

"लिहून? आवाज?"

"ढुर्र-फट् वाचून तुला रबर कळेल का?"

"वाचून मला काय कळणार? मला चष्मा लागतो. तुझ्या मामीने वाचून दाखवलं तर कळेल."

"मग आणखी एक. डिस्क रिकामी करायची तर आत्तापर्यंत आलेले सगळे आवाज पुसावे लागतील."

मला माहीत होतं, गिऱ्हाईक नसताना तो जुने आवाज परत लावून ऐकतो. गाणी ऐकावीत तसे.

"सगळे?"

"सगळे."

"विमानपण?"

"विमानपण, मामा."

मागे कुणीतरी दुकानाचं शटर अर्धवट ओढल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "पूस. मशीनं बिघडायची काय थांबतात? येतील परत."

पुसले.

एक बटण, मग 'नक्की का?', मग नक्की.

बाहेर व्हरांड्यात ओरडा झाला. माझ्या वर्गातला एक जण दोन्ही हात वर करून नाचत होता. त्याचा प्रोजेक्ट चढला होता. मग दुसरीचा. मग धडाधड सगळ्यांचे.

इकडे मी दोन बटणांतलं एक काढून टाकलं. त्या जागी एक रिकामी चौकट.

*पाटी: आवाज लिहून पाठवा. कानाला येतो तसा. लाजू नका.*

पान सुरू.

काही नाही.

काही नाही.

लोक आहेत, आकडा दिसतोय, पण चौकटीत कुणी काही लिहीत नाही. संपलं. हसतायत. गेले. सकाळी दारं मोडून आत येणारी माणसं आता उंबऱ्यावर उभी राहून एकमेकांची तोंडं बघतायत.

मग:

*लिहून म्हणजे कसा?*

मी लिहिलं: आधी तोंडाने काढा. मग लिहा.

*भुर्र?*

दुसरं कुणीतरी: *माझं भुर्र नाही. भुर्र्र्रूप.*

आणि मग बांध फुटला.

*खुळ्ळ खुळ्ळ खुळ्ळ टिंग*

*चीं चीं चीं (मांजर नाही. पंखा.)*

*टप. बराच वेळ काही नाही. टप.*

*धडाड धड धडाड धड. सासूबाई म्हणतात घर हलतं.*

*मी ऑफिसात आहे, सगळे माझ्याकडे बघतायत, तरी हे घ्या: क्रँव क्रँव कुक्*

*म्म्म्म्म्म्म्म्म्म्म्म्म्म्म्म्म्*

*आवाज होता. आता नाही. हे चांगलं की वाईट?*

येऊ दे! येऊ दे अजून! आकडा सकाळच्या वर गेला आणि संगणकाचा पंखा नुसता गुणगुणतोय.

फोन. तिकडे तमाशा चाललेला.

"अगं, त्या 'भुर्र'मध्ये जीव ओत जरा!"

"मी काय नाटकात आहे?"

"'रूप' कुठे गेलं? मगाशी 'रूप' होतं शेवटी!"

"ते दुसऱ्याचं. हे साधं भुर्र. तुमच्यासारखं, नुसतंच."

दुकानातली गिऱ्हाइकं हसतायत. कुणीतरी मामीला वाहवा देतंय.

आणि मग, मी ठरवलं नव्हतं ते. रेकॉर्डिंग मामाच ऐकायचा. लिहिलेलं मात्र सगळ्यांना दिसत होतं, आणि वाचता वाचता तोंडात घोळवता येत होतं. त्या फ्रीजवाल्या 'टप. बराच वेळ काही नाही. टप.'च्या खाली मामाच्या आधी कुणीतरी उत्तर लिहिलं.

"हा कोण शहाणा?" मामा खवळला.

"लिफ्ट दुरुस्त करतो म्हणे," मी सांगितलं.

"लिफ्टवाल्याला फ्रीजचं काय कळतं?" जरा थांबून, "काय लिहिलंय?"

"मागची नळी तुंबलीय, कोमट पाणी सोडून बघा."

मामा पुटपुटला, "बरोबर आहे मेल्याचं."

मग शिलाई मशीनवाली एक बाई आली. मग जहाजावर इंजिनं सांभाळलेला एक निवृत्त. तो सगळ्यांना एकच सल्ला देत होता, तेल घाला, आणि निम्म्या वेळा तो बरोबर ठरत होता. येणारे वाढत होते आणि रांग आखूड होत होती. दोन्ही एकाच वेळी! मी टाळ्या वाजवल्या. लॅबमध्ये एकटीने.

एकटी नव्हते. मॅडम केव्हाच येऊन मागे उभ्या होत्या. हातात किल्ल्या.

"प्रोजेक्ट?"

"सगळे चढले."

त्यांनी वाकून संगणकाच्या पाठीवर हात ठेवला, ताप बघावा तसा. मग पडद्याकडे बघू लागल्या. खाली, आणखी खाली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ हलत होते. खुळ्ळ. खुळ्ळ. खुळ्ळ.

"टिंग," मी म्हणाले.

त्या दचकल्या. हसू दाबायचा प्रयत्न केला, ते नाकातून बाहेर आलं. आणि त्या क्षणी मला कळलं की वायर राहणार.

"तुला ती भाड्याची जागा मिळेपर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि रेकॉर्डिंग परत सुरू केलंस तर याद राख."

"नाही करणार. लागतच नाही!"

दिवे बंद झाले, कुलूप लागलं, आणि बंद काचेआड संगणकाचा एक हिरवा दिवा लुकलुकत राहिला. मी व्हरांड्यात फोनवर पान उघडून, मामाला वाचून दाखवत, चालायला लागले.

"पुढचा?"

"ल्हूऽऽ ल्हूऽऽ कट्टक्. ल्हूऽऽ."

"परत."

जिन्यात वर येणारी दोन पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. मी परत वाचलं. मोठ्याने, जीव ओतून.

मामाने तिकडे स्वतः दोनदा ल्हूऽऽ करून पाहिलं. मग एकदम, लॉटरी लागल्यासारखा:

"पिपे, मला नाही कळला! अगं, हा मला नाही कळला! कुठलं मशीन ते सांगू नको म्हणावं त्याला. आधी अजून एकदा लिही म्हणावं!"