दार उघडल्यावर बोलणारा दादा

आई दुपारची दार उघडून निघून जायची. कुठे, ते तिलाही ठाऊक नसायचं. एकदा ती न्हाव्याच्या दुकानात रांगेत बसलेली सापडली, आणि आपला नंबर आल्याशिवाय उठायला तयार नव्हती. त्या दिवशी ताईनं फोनवर निकाल देऊन टाकला: महिनाअखेरपर्यंत काही सोय झाली नाही, तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं.

धाकटा आईजवळ राहत होता, म्हणून सोय त्यानं करायची होती. दादा आणि ताई लांब राहत होते, म्हणून सूचना त्यांनी करायच्या होत्या.

धाकट्यानं हौसेनं घेऊन ठेवलेला तळहाताएवढा कंट्रोलर बोर्ड बाहेर काढला आणि दाराला चुंबकाचा स्विच लावला. दार उघडलं की स्वयंपाकघरात बझर वाजायचा. एवढ्यावर भागलं असतं. पण ताईनं मेसेज पाठवणारा बोर्ड धाडला, दार उघडलेलं तिलाही कळायला हवं म्हणून. ताईनं धाडल्यावर दादा थोडाच मागे राहतोय? त्यानं आवाज वाजवणारा बोर्ड पाठवला, सोबत स्वतःचं रेकॉर्डिंग: "आई, बाहेर जाऊ नकोस. आत बस. मी येतोच."

दादा बऱ्याच वर्षांत आलेला नव्हता, पण आवाज खणखणीत होता.

हे बोर्ड एकावर एक बसतात, वरच्याच्या पिना खालच्याच्या भोकांत. धाकट्यानं तीन मजले चढवले आणि दार उघडलं. ताईला मेसेज गेला. दादाच्या तोंडून मात्र शब्द फुटेना.

ताईचा बोर्ड काढला, की दादा बोलायचा. दादाचा काढला, की मेसेज जायचा. दोघं एकत्र आले, की दादा गप्प.

"माझा बोर्ड सगळ्यात वर ठेवलायस ना?" दादानं विचारलं.

"त्यानं काही फरक पडत नाही, दादा."

"मग ठेवायला काय हरकत आहे?"

ताई म्हणाली, "माझा चालतोय ना? मग मला कशाला विचारतोस?"

धाकट्यानं अडॅप्टर बदलला, पिना घासल्या, खालच्या बोर्डावरच्या सॉकेटचं पत्र्याचं कवच वरच्या बोर्डाला टेकत होतं तिथे चिकटपट्टी लावली. आई मागे हाताची घडी घालून उभी.

"मिस्त्री, अजून झालं नाही?"

"आई, मी आहे."

"असाल की. पण जरा हात चालवा."

शेवटी दोन्ही बोर्डांचे जोडणीचे नकाशे शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. दोघांचा डोळा एकाच पिनवर होता, सात नंबरच्या. त्यानं दादाची सात नंबरची पिन पकडीनं बाहेर वाकवली, तिला वायर जोडून रिकाम्या पाच नंबरवर नेली आणि प्रोग्राममध्ये आकडा बदलला.

आईनं दार उघडलं. "आई, बाहेर जाऊ नकोस. आत बस. मी येतोच."

आई उंबऱ्यातच थबकली. मग आत येऊन शहाण्यासारखी खुर्चीवर बसली. धाकट्याला नाचावंसं वाटलं. आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मोठा येतोय. तुम्ही निघा आता मिस्त्री, घरचे वाट बघत असतील."

थोड्या वेळानं ती उठली आणि तिनं परत दार उघडलं. दादा बोलला. ती हसली, बसली, पुन्हा उठली. दिवसभर हेच. ज्या बाईनं दार उघडू नये म्हणून सारा खटाटोप केला, ती आता दुसरं काही करेना. धाकट्यानं दादाचा बोर्ड उपसून काढला, तर ती मुक्या दारापाशी उभी राहिली. "मोठ्याला काय बोललात तुम्ही?" जेवलीही नाही. त्यानं बोर्ड परत बसवला आणि तिन्ही मजले एका डब्यात बंद केले.

ताईचा फोन आला. "माझा मोबाइल नुसता किणकिणतोय! हाताबाहेर गेलंय रे हे."

"ती बाहेर जात नाहीये, ताई. दार उघडते, ऐकते, बसते. तुझा बोर्ड काढू का?"

"म्हणजे मला काही कळायलाच नको? की तुझं यंत्रच चुकीचे मेसेज पाठवतंय?"

'हो' म्हटलं असतं, तर आई घरीच राहिली असती. पण कितीतरी दिवस खपून त्यानं ते दुरुस्त केलं होतं.

"छे! अगदी अचूक चालतंय," तो म्हणाला. जरा ऐटीतच.

रविवारी आईला वृद्धाश्रमात नेलं. तिनं तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. आश्रमाच्या व्यवस्थापकांनी मात्र तो हळूच काढून घेऊन धाकट्याच्या हातात दिला. "विजेच्या वस्तू चालत नाहीत इथे. आणि गरजही नाही हो. खोल्यांना आम्ही बाहेरून कडी घालतो."

धाकट्यानं डबा घरी आणून होता तिथेच लावला. आता सकाळी तो कामाला निघाला, की दादा त्याला सांगतो, "आई, बाहेर जाऊ नकोस." संध्याकाळी परत आला, की तेच.

"अरे, आई नाही तिथे, मग मला मेसेज कसले येतायत?" ताई फोनवर करवादली. "बंद कर की ते!"

"बघतोय ना, ताई," धाकटा म्हणाला. "बिघाडच सापडत नाहीये."

आणि त्यानं हात लांबवून दार पुन्हा उघडलं.