नवशिकीसाठी तारा

मऊ तारा मागणारं गिऱ्हाईक आलं की माझ्या कपाळाला आठी पडते. दुकान चालवणाऱ्या बाईने असं म्हणू नये, पण खरं तेच आहे. गिटार शिकायची आणि बोटं दुखायला नकोत, म्हणजे पोहायला शिकायचं आणि केस ओले व्हायला नकोत! तरी मी निमूटपणे पाकीट काढून देते. दुकान थाटलंय म्हटल्यावर तत्त्वं खिशात ठेवावी लागतात.

आणि हे तत्त्व तरी कुठे माझं? ते सरांचं. सर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर गिटार शिकवायचे ते. शाळेत असताना मी त्यांच्याकडे जायची. ताल सोडून कायम पुढे पळायची, म्हणून त्यांनी माझं नाव 'घाईबाई' ठेवलं होतं. त्यांच्याकडे तारा बाजारातल्या सगळ्यात जाड. कुणी बोट झटकून फुंकर मारली की म्हणायचे, "तार कापत नाही, आळस कापतो." सुटल्यावर आम्ही पोरं जिन्यात थांबून एकमेकांच्या बोटांवरच्या रेघा बघायचो. ज्याची रेघ खोल, तो त्या दिवसाचा राजा. काकू, म्हणजे सरांची बायको, वरून ओरडायची, "अरे, घरी जा आता, आया वाट बघत असतील!" काय दिवस होते! आज सगळ्या जातीच्या गिटारी माझ्या हाताखालून जातात, पण त्या जिन्यातल्या ओल्या छत्र्यांचा वास अजून नाकातून जात नाही.

परवा दुपारी तेच सर दुकानात आले. अंग वाळलेलं, पण शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. मी उठून उभी राहिले. सरांनी बसायचीही वाट पाहिली नाही.

"घाईबाई, सगळ्यात मऊ तारा कुठल्या आहेत तुझ्याकडे?"

मी पडायचीच बाकी होते. "कुणासाठी, सर?"

"एक विद्यार्थिनी आहे. नवशिकी." असं म्हणून ते छताकडे बघायला लागले.

सरांनी शिकवणी बंद केली त्याला बरीच वर्षं झाली होती. अलीकडे हात थरथरतो, हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला लगेच उमगलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय! बोटं दुखतात, वाजवणं सुटायला आलंय, आणि आयुष्यभर आम्हाला जे बोलले ते आता स्वतःच्या तोंडाने कसं गिळायचं? मी ठरवलं, आपण काही ओळखलंच नाही असं दाखवायचं.

"कुठलं बोट दुखतं तिचं?" मी विचारलं.

"अनामिका. करंगळीचं तर विचारूच नकोस. सकाळी सांधे आखडलेले असतात."

"सकाळी सांधे आखडतात? वय काय तिचं?"

"तुला वय काय करायचंय? तारा दाखव."

मी ओठ दाबून हसू आवरलं. काउंटरवर पाकिटं मांडली. म्हटलं, सगळ्यात मऊ नायलॉनच्या. सर उसळलेच.

"माझ्या गिटारीला नायलॉन? ती पोलादी तारांची गिटार आहे, नायलॉन बसवलं तर आवाज तरी निघेल का? हेच शिकलीस?"

'माझ्या गिटारीला' म्हणाले! माझी खात्रीच पटली. मग मी बारीक तारांचा सेट काढला. दाबायला हलका, पण आवाज जरा पोचट. त्यांनी एक तार दोन बोटांत फिरवली आणि नाक मुरडलं. शेवटी मागच्या कपाटातून मी रेशमाचा सेट आणला. यातल्या जाड तारांच्या आत पोलादाबरोबर रेशमाचे धागे असतात. ताण कमी, बोटांखाली ऊबदार, आणि आवाज लहान पण गोड. नवी पोरं घेत नाहीत, आवाज मोठा पाहिजे असतो त्यांना. नमुन्याच्या गिटारीवर हाच सेट चढवलेला होता. ती मी सरांपुढे धरली.

"तुम्हीच दाबून बघा."

"माझ्याने काय कळणार?"

"तुम्हाला नाही तर कुणाला?"

"तू दाब."

"माझ्या बोटांना घट्टे आहेत, सर. मला काटेरी तारसुद्धा मऊच लागेल. तुम्ही बघा."

त्यांनी हात मागे घेतला. मला राहवलं नाही. इतकी वर्षं झाली, पण घाई काही गेली नाही. "सर, माझ्यापाशी कसला पडदा? तुमच्यासाठीच हव्यात ना? त्यात लाजायचं काय?"

सरांनी समोरची पाकिटं बाजूला सारली. मग डावा हात उताणा करून त्यांनी काउंटरवर ठेवला. तो थरथरत होता. बोटांची टोकं गुळगुळीत, लहान मुलासारखी. एकेकाळी त्या टोकांनी टेबलावर टिचकी मारली तर खडा पडल्यासारखा आवाज यायचा.

"घट्टे कधीच गेले," ते म्हणाले. "थरथर सुरू झाल्यापासून मी गिटारीला हात लावलेला नाही. काकू शिकतेय तुझी."

माझं तोंड उघडंच राहिलं. "काकू? या वयात हे काय नवीन खूळ?"

"मीही हेच म्हणालो. ऐकेल तर शपथ! काल भांडी विसळताना पाणी लागलं तशी कळवळली. बोटांना चिरा पडल्यात, पण बोलत नाही. आणि मऊ तारा म्हटलं तर फणकारते. पोरांना लावत होतात त्याच मला लावा म्हणते."

"मग सोडून देऊ दे की."

"नको." सरांचा आवाज एकदम खाली आला. "तिने सोडायला नको. तू येऊन लावून दे. माझ्या हातून आता खुंटीत तार जात नाही. आणि नेहमीच्याच तारा आहेत म्हणून सांग."

रेशमाचा सेट पिशवीत टाकला, दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर गेले. जिना तोच, कठडा मात्र आता माझ्या कमरेला लागत होता. काकू भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती, गिटार मांडीवर आडवी. मी तारा बदलल्या, सूर लावले. काकू प्रत्येक खुंटीकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती.

"नेहमीच्याच ना?" तिने विचारलं.

"नेहमीच्याच," सर आणि मी एका दमात म्हणालो.

"बरं. तुम्ही आत जा हो, चहा टाका. समोर बसलात की माझा हात घाबरतो."

सर आत गेले. काकूने एक तार हळूच दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"मऊ आहेत," ती कुजबुजली. "हे मागताना त्यांच्या अगदी जिवावर आलं असेल, नाही?"

मी नुसतं हसले. मग न राहवून विचारलं, "काकू, पण तुला हा छंद लागला कसा?"

"कसला छंद, गं! ह्यांचा हात गेला आणि बोलणंही गेलं. नुसते खिडकीशी बसायचे. हो, नाही, जेवण झालं, एवढंच. भांडायचेसुद्धा नाहीत. वैताग आला होता मला त्या शांततेचा. एकदा धूळ पुसायला म्हणून मी गिटार उचलली, तर खुर्चीतून ओरडले, 'गिटार अशी धरतात का?' कितीतरी दिवसांनी ओरडले, बघ. म्हटलं, औषध सापडलं."

तिने बोटं जुळवली आणि तारा छेडल्या. सूर बेसूर झाला. आतून कपबशीचा आवाज थांबला.

"अनामिका! अनामिका कुठे ठेवलीयेस? आणि अंगठा असा वर का आलाय? मला इथून कळतं!"

"बरं, बरं, बघते!" काकू मोठ्याने म्हणाली. मग माझ्याकडे वळून आवाज अगदी बारीक केला. "हा सूर मला केव्हाचाच येतो."

आणि तिने अनामिका उचलून पुन्हा त्याच चुकीच्या जागी ठेवली.