खांबापर्यंत

ट्रायल रूमचा पडदा त्याने पुन्हा एकदा ओढून पाहिला. रविवारची सुट्टी, शिवणकामाचं दुकान बंद, आत तो एकटाच. तरी पडदा मधे बोटभर उघडा राहतो, हे इतक्या वर्षांत त्याच्या आजच लक्षात आलं. तिथे त्याने टाचणी लावली आणि मग काजळाची कांडी उघडली.

जो हात कापडावर खडूची रेघ कधी वाकडी मारत नसे, त्याला पापणीवरची एवढीशी रेघ जमेना. डावा डोळा बरा झाला. उजवा मात्र रडून उठल्यासारखा दिसायला लागला. चिंधीने पुसायला गेला, तर काजळ गालावर उतरलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, गावभर ज्याला 'धाकटे मास्तर' म्हणतात, आणि तोंड मात्र शाई सांडलेल्या पोरासारखं.

हे सगळं सुरू झालं ते एका गिऱ्हाइकामुळे. वाचनालयात काम करणारी एक बाई आपला लांब काळा कोट कंबरेत आत घ्यायला आली होती. काळे ओठ, बोटाबोटात अंगठ्या, आणि बोलणं एखाद्या मावशीसारखं मऊ.

"याला गॉथ म्हणतात, मास्तर. भुताखेतांचं काही नाही त्यात. आम्हाला काळं आवडतं, एवढंच."

माप घेऊन झालं तरी त्याचा हात बाहीच्या लेसवरून निघेना. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"रविवारी आम्ही कालव्याच्या पुलापाशी जमतो. स्वतःला एक शिवा आणि या की."

एवढ्या बोलण्यावर कुणी कोट शिवायला घेतं का? त्याने घेतला. वडिलांना, अण्णांना, सांगितलं, गिऱ्हाइकाचा आहे. आणि हे खोटं अंगाशी येऊ नये म्हणून एक चूक जाणूनबुजून केली. त्याचा उजवा खांदा जन्मापासून जरा उतरता. त्याच्यासाठी शिवलेल्या प्रत्येक कोटात अण्णा त्या खांद्याखाली कॅनव्हासचा, म्हणजे ताठ कापडाचा, एक पदर जास्तीचा घालत. या कोटात तो घातला असता, तर अण्णांनी हात लावताच कोट कुणाचा ते ओळखलं असतं. म्हणून त्याने दोन्ही खांदे सारखे ठेवले. कोट उजवीकडे लोंबणार हे माहीत होतं. लोंबू दे म्हणाला.

अण्णा मारतील अशी भीती नव्हती. ते कधीच मारत नसत. शाळेत असताना एका गिऱ्हाइकाचा मखमली झगा घालून तो आरशापुढे गिरक्या घेताना सापडला, तेव्हाही त्यांनी हात उगारला नाही. फक्त "काढ" म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ त्याच्या हाताशी असलं तरी आईकडे मागत. आई आता नव्हती. घरात दोघंच होते, आणि अण्णांनी पुन्हा तसं तोंड मिटलं तर मीठ मागायलाही मधे कुणी उरलं नव्हतं.

त्याने कोट अंगावर चढवला, बटणं लावली आणि आरशात पाहिलं. कोट लोंबत नव्हता.

कॉलर मानेला बेताची चिकटली होती. दोन्ही बाजू सरळ रेषेत खाली उतरत होत्या. कोट अंगावर इतका छान बसला होता की क्षणभर त्याला नुसता आनंद झाला. मग त्याने कोट काढून अस्तराखाली उजव्या खांद्यापाशी बोटं फिरवली. आत एक पदर जास्तीचा होता. अस्तर उसवून पुन्हा हाताने शिवलं होतं, तिरके, तांदळाच्या कणीएवढे टाके. दुकानात हातशिलाई करणारे दोघंच, आणि हे टाके त्याचे नव्हते.

म्हणजे अण्णांना ठाऊक होतं. केव्हापासून, कोण जाणे, आणि ते एक अक्षर बोलले नव्हते. न बोलणं सुरूच झालं होतं की काय?

बाहेर पायरीवर स्टूल सरकल्याचा आवाज आला. दुपारी अण्णा झोपतात म्हणून त्याने ही वेळ निवडली होती. बाहेर पडायला दार एकच. कोट काढून ठेवावा, तोंड धुवावं, विषय संपला, असं त्याने दोनदा ठरवलं. दुसऱ्यांदा ठरवेपर्यंत कोट अंगात होता आणि हात कडीवर.

दार उघडलं तर अण्णा पायरीवर बटणांची काजं करत बसले होते. त्यांनी मान वर केली. नजर आधी त्याच्या डोळ्यांवर गेली, तिथे जरा थांबली, मग खांद्यावर आली.

"उजवीकडची रेघ वाकडी आली आहे."

त्याने मागे दार ओढून घेतलं.

"खांदा बसला का नीट?"

"बसला."

"गिऱ्हाइकाचा म्हणालास, म्हणून मी विचारलं नाही."

"अण्णा, मी..."

"खांबापर्यंत जा."

शेवटच्या ट्रायलला दुकानाचा हा नेम होता. आरशापुढे सगळेच ताठ उभे राहतात, असं अण्णांचं म्हणणं. म्हणून गिऱ्हाइकाने कपडा घालून रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबापर्यंत चालत जायचं आणि वळायचं. मग अण्णा दोहोंतलं एक बोलत. खोट दिसली तर "काढा", नसली तर "घेऊन जा".

तो पायरी उतरला. रस्ता इतका रुंद त्याला कधी वाटला नव्हता. कोटाचा घेर पोटऱ्यांना लागत होता. समोरच्या औषधाच्या दुकानातून मालक बाहेर आला आणि खांबाला टेकून बघत राहिला.

"काय मास्तर, नाटकात काम मिळालं वाटतं?"

त्याचे पाय जागीच अडले.

"ट्रायल चालू आहे," मागून अण्णांचा आवाज आला. "तुम्ही खांब सोडा जरा."

औषधवाला बाजूला झाला. कोटाचा घेर सावरत खांबापाशी पोहोचून त्याने लोखंडावर हात ठेवला. आता वळायचं होतं. वळलं की अण्णांचा निकाल ऐकावा लागणार, म्हणून तो नको इतका वेळ तसाच उभा राहिला. मग डोळे मिटून वळला.

डोळे उघडले तेव्हा अण्णांनी चष्मा कपाळावर ढकललेला होता. लांबचं बघायचं असलं की ते तसं करत. त्यांनी खांदे पाहिले, घेर पाहिला, पुन्हा खांदे पाहिले. मग चष्मा खाली घेतला आणि सुईत दोरा ओवू लागले.

"थांबलास का? घेऊन जा."

तो पुलाच्या दिशेने चालू लागला. गालावरचं काजळ पुसायचं राहिलंच होतं. मागे अण्णा औषधवाल्याला मोठ्या आवाजात समजावत होते की खांद्याचं काम हातानेच करावं लागतं, मशीनवर ते जमत नाही.