सोनीचं पानी

लढाई सरून दोन वर्सं झालती. आमचं मालक नाथाजी पलटनीत हवालदार. म्हैनाभराच्या सुट्टीवर ते कडेगावला घरी येनार हुतं, आन ह्या खेपंला मला संगट न्हेनार, क्वार्टर मिळनार, असं त्येंनी मागल्या सुट्टीत कबूल केलतं. मी ट्रंक भरून ठिवलेली. गल्लीत तर सगळ्यांना सांगून झालतं.

मालक यष्टीतनं उतरलं ते येका हातात काचंची पेटी आन दुसऱ्या हातात पान्याची बरनी घिऊन. बरनीत येक तांबडी मासळी. मला कशी हाईस म्हून इचारलंसुदीक न्हाई. म्हनलं, सरक, धक्का लागंल.

मासळी दिसायला देखनी, खोटं कशाला बोलू. लांब शेपटी, पदर सोडल्यागत. ह्येंनी तिचं नाव ठिवलं सोनी. आता बगा, लगीन झाल्यापास्नं ह्या मानसानं मला नावानं हाक मारली न्हाई. 'अगं ए' वरच आमचा संसार. आन मासळीला दिसातनं धा येळा सोने, सोने. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पेटीच्या कोपऱ्यात पानी गाळायची येक डबी हुती. विजेच्या पंपातनं रबरी नळीनं तिच्यात हवा जायाची, बुडबुडं उठायचं, आन गाळलेलं पानी डबीच्या तोंडातनं भाईर पडायचं. पर पेटी रॉकेलच्या डब्यायवढी आन धारंला जोर लय. सोनीबाई त्या धारंत घावायच्या, शेपटी दुमडायची आन काचंवर जाऊन आपटायच्या. मालकांचा जीव खालवर. दमती गं ती, म्हनायचं. हिरीवरनं घागरी आनून पेटीचं पानी मी बदलत हुते, ते कुनाच्या ध्यानात न्हाई.

आदी त्येंनी डबीम्होरं दगूड लावला. मग डबीचं तोंड भिताडाकडं फिरवलं. शेवटी नळीच आवळायची ठरली. मी चुलीम्होरं भाकरी थापत हुते, तर मागनं येऊन त्येंनी माझ्या केसाला हात घातला. सासूबाई सोप्यात बसलेल्या. मी लाजून चूर. मनात म्हनलं, आली बाई येकदाची आठवन मानसाला. तर केसातला आकडा उपसला आन गेलं निघून. अंबाडा सुटून पाठीवर पडला. जाऊन बगते तर माझा आकडा त्या सवतीच्या नळीला. भाकरी तव्यावर करपली, करपू दिली.

आकड्यानं नळी इतकी आवळली का बुडबुडंच बंद. काढला का पुन्ना तीच धार. सुट्टी सरत आली, आन माझ्या जान्याचं नाव न्हाई. ह्या मेलीचं येकदा भागल्याबगार मालकांचं ध्यान माझ्या ट्रंकंकडं जायाचं न्हाई, हे मी वळखलं. वाळक्या घोसाळ्याची कोरी जाळी भांडी घासायला ठिवलेली, ती कापली आन डबीच्या तोंडाला दोऱ्यानं बांदून दिली. धार फुटली. पानी सगळीकडनं निस्तं झिरपाय लागलं, आन सोनी शेपटी पसरून पेटीभर फिराय लागली.

मालक लय खुश. त्या सुट्टीत पैल्यांदा माझ्याकडं नीट बगितलं, आन मी तेवढ्यावर फुलून गेले. मग मला जवळ बसवून शिकवाय लागलं. जाळी आठ दिसांनी सोडायची, साबन न लावता धुवायची. पानी थोडं थोडं बदलायचं. दाना चिमटीभर, जास्ती न्हाई. मी व्हय व्हय करत हुते. आन मधीच माझ्या ध्यानात आलं. सासूबाईंना दिसायचं कमी, त्या हे असलं करनार न्हवत्या. आन मी तर संगट जानार, मग हे समदं मला कशापायी?

"आवं, मी गेल्यावर हिचं कोन करनार?" मी इचारलं.

मालकांनी टावेलानं हात पुसलं, पुसतच ऱ्हायलं. मग हळू आवाजात म्हनलं, बदली वर बर्फात झाली. तितं घरची मानसं न्हेऊ देत न्हाईत. क्वार्टर गेलं.

"तुला सोबत हुईल म्हून आनली गं ही."

"कवा कळलं तुमास्नी?"

"हिला इकत घ्यायच्या आदल्या दिशी."

म्हंजे यष्टीतनं उतरताना ठावं हुतं. माझी भरलेली ट्रंक बगितली तवाबी ठावं हुतं. इतकं दिस तोंडातनं शब्द काढला न्हाई, आन मी आपली मासळीच्या नावानं बोटं मोडत बसले. राग आलता, रडूबी आलतं. पेटीत ती तांबडी माझ्याकडं तोंड करून दाना मागत हुती.

"हिच्यावर मी उगंच जळले," मी म्हनलं. "हिलाबी तुमी हितं टाकूनच जानार."