दीड वेढा

उताराच्या दुसऱ्या वळणावर दंतवैद्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि गिअरचा दांडा मागे आला. खटका नाही, कुरकुर नाही. भरल्या बैठकीतून एखाद्या वडीलधाऱ्याने कोणालाही न सांगता उठून जावे, तसा तो तिसऱ्यातून उठला आणि न्यूट्रलमध्ये जाऊन बसला.

"बघा," दंतवैद्य म्हणाला. "दरवेळी इथंच. मी हातसुद्धा लावत नाही. ब्रेक नवे टाकलेत म्हणून आपण बोलतोय."

शेजारी बसलेल्या मिस्त्रीने दांड्याकडे पाहिले नाही.

"मुळाशी जा, मिस्त्री. वरवर भरून पाठवायला हा काही दात नाही."

"मुळाशीच जातो, डॉक्टर."

"आणि कडक करू नका हं. लोणी मिस्त्री म्हणतात तुम्हाला, ते ऐकून आलोय. दोन बोटांनी गिअर पडला पाहिजे." मग आवाज उतरवून, घरातली जुनी भानगड सांगावी तसे तो म्हणाला, "हिला इतिहास आहे, बरं का. संस्थेच्या भंगारातून उचलली, तीन वर्षं खपलोय. संचालक हिच्यातच गेले, याच उतारावर. ड्रायव्हरनं पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारला म्हणे. चार थेंबांसाठी माणूस घालवला."

"ऐकलंय," मिस्त्री म्हणाला.

नुसते ऐकले होते असे नाही. त्यातले थोडे त्याने स्वतः सांगितलेले होते. हा गिअरबॉक्स तीस वर्षांपूर्वी त्याने बांधला होता आणि तो ड्रायव्हर त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता.

चौकशी समितीत तीन विद्वान होते: एक कायद्याचा, एक स्थापत्याचा आणि एक अर्थशास्त्राचा. या तिसऱ्याने इंधनाच्या खपाचा आलेख काढला. बावीस पानी अहवालात 'निष्काळजी' हा शब्द एकोणीस वेळा आला. उताराची लांबी एकदाही आली नाही. तिघांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती. ही उणीव कोणाला उणीव वाटली नाही, कारण अज्ञानाला पदवी मिळाली की त्याला निःपक्षपातीपणा म्हणण्याची पद्धत आहे. ड्रायव्हर एकच वाक्य बोलत राहिला: गिअर आपोआप निघाला, मग नुसत्या ब्रेकवर गाडी आली, ब्रेक तापले आणि लागेनात. समितीने मिस्त्रीला बोलावले. तेव्हा बत्तीस वर्षांचा असलेला मिस्त्री छाती काढून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या हातचा बॉक्स आहे, साहेब. गिअर निघणार नाही."

तो खोटे बोलला असता तर एक बरे झाले असते. खोटे बोलणाऱ्याला निदान आपण काय लपवले ते माहीत असते. तो मनापासून बोलला. भावोजींची नोकरी गेली, परवाना गेला. पुढची तीस वर्षे त्यांनी एका गोदामाचे फाटक इतरांच्या गाड्यांसाठी उघडले आणि लावले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मिस्त्रीने काम काढले. त्याची रीत बाहेरून आत जाण्याची होती. इंजिनाखालचे रबर पाहिले, ठीक. दांड्याचे बूड पाहिले, ठीक. मग बॉक्स उतरवला. झाकणाच्या कडेला लोखंडी पंच ठोकून मारलेले तीन ठिपके होते, त्याची खूण. ते जसे मारले तसेच होते. गाडीला नवा रंग लागला, नवे कातडे लागले, पण या पोटात तीस वर्षांत कोणी हात घातला नव्हता.

शाफ्टचा खेळ मोजला. फट मोजायची सर्वांत पातळ पत्तीसुद्धा जेमतेम गेली. गिअर सरकवणारा फोर्क सरळ. दात्यांच्या कडा अशा की नख लावले तर अडकावे. बिघाडाला जायला आता फार जागा उरली नव्हती, आणि इतके चांगले काम पाहून त्याला भीती वाटू लागली.

शेवटी त्याने तीन स्प्रिंगा काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवल्या. गिअर पडला की एक पोलादी गोळी खाचेत बसते आणि स्प्रिंग तिला तिथे दाबून धरते. गिअर जागेवर राहतो तो एवढ्याच भरवशावर. दोन स्प्रिंगा सारख्या होत्या. तिसरी दीड वेढ्याने आखूड होती आणि तिचे कापलेले टोक कानशीने घासून सपाट केलेले होते. फार सुबक.

ती त्याला सापडली असे म्हणता येणार नाही. ती त्याला नेहमीच ठाऊक होती. संचालक रविवारी स्वतः गाडी हाकत. मनगट दुखते, जरा मऊ कर, म्हणाले होते. उस्तादांनी शिकवलेली युक्ती होती ती: दीड वेढा काप, दांडा लोण्यासारखा चालतो. चालला. संचालकांनी चार लोकांत पाठ थोपटली, नाव पडले, आणि त्यानंतर त्याने बॉक्स बांधला की दीड वेढा कापलाच. समितीपुढे त्याला हे सांगायचे सुचले नाही, कारण आपले कसब कोणी बिघाड म्हणून सांगत नाही. बांधलेला बॉक्स तो टेबलावर हाताने फिरवून, कान लावून पाही. टेबलाला उतार नसतो.

आजवर बांधलेले बॉक्स तो आठवू लागला. दवाखान्याची गाडी. शाळेची बस. पाववाल्याची व्हॅन. हातांची बोटे संपली तेव्हा तो थांबला.

बॉक्स परत चढवून त्याने वरच्या झाकणातून पुऱ्या लांबीची स्प्रिंग घातली आणि उतार तीनदा उतरला. दांडा दगडासारखा बसून राहिला. मग आखूड स्प्रिंग घातली. दुसऱ्या वळणावर, त्याच्या तळव्याखालून, हस्तांदोलन आवरते घ्यावे तसा दांडा निघून गेला. पुन्हा पुरी स्प्रिंग बसवून, आखूड खिशात टाकून, तो त्याच गाडीने बहिणीकडे गेला.

"आज कसा? रविवार नाही," बहीण इस्त्री करता करता म्हणाली. तीस वर्षे तो दर रविवारी येत होता. गुडघे, हवापाणी, भाडेकरू यांवर बोलणे होई. उताराचा विषय त्या घरात कोणी काढला नव्हता.

भावोजी खिडकीशी भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. मिस्त्रीने त्यांच्यापुढे स्प्रिंग ठेवली.

"भावोजी, ही तुमच्या गाडीतली. तिसऱ्या गिअरची. मी कापली होती. गिअर आपोआप निघतो. आज माझ्या हाताखालून निघाला. तुम्ही खरं बोलत होता."

इस्त्री थांबली.

भावोजींनी स्प्रिंग अंगठ्याखाली दाबून पाहिली. "मऊ आहे," ते म्हणाले. "तुझा हात लागल्यावर सुरेख पडायचा हं तिसरा. साहेबांना मी म्हणालोही होतो." मग त्यांनी ती परत ठेवली. "पण नाही रे. मीच काढला होता."

"काय?"

"गिअर. आधी मलाही वाटायचं की आपोआप निघाला. मग हळूहळू आठवत गेलं. दहा-बारा वर्षांनी नीट आठवलं. साहेब मागं कागद चाळत होते. मी असा हात घातला, आणि असा मागं घेतला." त्यांनी डावा हात पुढे नेऊन दाखवला. हात अजिबात कापला नाही. "आता तर रोज दिसतं. तू कशाला मनाला लावून घेतोस? झालं गेलं."

तीन विद्वानांना बावीस पानांत जे जमले नव्हते ते गल्लीने, नातलगांनी, फाटकावरच्या थट्टेने सावकाश पुरे केले होते. त्या हाताला एक आठवण बसवली होती, आणि ती इतकी नेमकी बसली होती की पातळातली पातळ पत्तीही आत जाऊ नये. मिस्त्रीला क्षणभर वाटले, घ्यावी ही क्षमा आणि निघावे. म्हातारा सुखी आहे. कागदही त्याच्याच बाजूने आहेत.

"गाडी कुठाय?" बहिणीने विचारले.

"खाली उभी आहे."

"ही आत बसवायला किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"बसव. हे चालवतील."

"अगं, माझ्याकडे परवाना नाही," भावोजी म्हणाले.

"मग काय, पुन्हा समिती बसवतील? बसू दे. या वेळी चहा मी पाजते त्यांना. उठा."

मिस्त्री गाडीत वाकून काम करत होता तेव्हा भावोजी दाराशी उभे होते. पाना मागण्याआधीच तो योग्य मापाचा पाना त्याच्या हातात येत गेला.

उताराच्या माथ्यावर भावोजींनी आरसा नीट केला, सीट दोन खाचा पुढे घेतली. मिस्त्री शेजारी बसला, बहीण मागे, संचालक बसत त्याच जागी. दुसऱ्या वळणावर त्यांनी पाय उचलला आणि दांडा मागे आला.

"माझाच धक्का लागला असेल," भावोजी म्हणाले.

"पुन्हा," मागून बहीण म्हणाली.

पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. पुन्हा तसेच.

"हात जवळ होता. सवय असते हाताला."

"मग लांब ठेवा हात."

तिसऱ्या खेपेला तिसरा गिअर टाकल्यावर भावोजींनी डावा हात उचलला आणि उजव्याच्या बरोबरीने स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवला. पहिले वळण गेले. गाडीत नुसता इंजिनाचा आवाज होता. दुसऱ्या वळणावर तोही एकदम हलका झाला, आणि तिघांच्या देखत दांडा कोणाच्याही मदतीवाचून मागे येऊन मध्यभागी उभा राहिला.

भावोजींनी ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मिस्त्रीने हाताचा ब्रेक ओढला, चावी फिरवली. मागून येणाऱ्या एका गाडीने हॉर्न दिला आणि बाजूने पुढे जाताना तिच्या चालकाने वळून पाहिले. बंद गाडीत एक म्हातारा ताठ बसला होता. त्याने दोन्ही हात वर ठेवले होते, काचेतून सगळ्यांना दिसतील असे.