तुळसाबाईला तरंगवणारी ट्यूब

मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली ट्यूब बोलतेय, आणि रागानं बोलतेय. पोटावर वीतभर ठिगळ घेऊन गोठ्यातल्या खुंटीला लटकायची वेळ तुमच्यावर आली असती, तर तुम्ही काय ओव्या गायल्या असत्या?

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते अनसिंगजवळचं दौलतरावांचं वांग्याचं शेत. अकरा वर्षं मी त्यांचा ट्रॅक्टर पेलला. एकदा तो नाल्यात फसला, तेव्हा मी असा दम भरला की ट्रॅक्टर, ट्रॉली, वांग्याची चाळीस पोती आणि वर बसलेला त्यांचा धाकटा भाऊ खेमा, सगळे हातभर हवेत गेले. खेमाला विचारा. तो नाही म्हणाला, तर तो खोटं बोलतोय.

मग नवी ट्यूब आली आणि मला विहिरीवर टाकलं. गावातली किती पोरं माझ्यात बसून पोहायला शिकली! पोरंच हो. पोरगी एक नाही. पोरींनी विहिरीचं पाणी भरायचं, वांग्यांना सोडायचं. पाण्यात उतरायचं नाही.

यंदा दौलतरावांच्या मुलानं, मुंबईच्या मुकेशनं, आईबापासाठी जहाजाची सहल ठरवली. तीन दिवस नुसता समुद्र. मुकेशच्या आईनं, तुळसाबाईनं, नव्या बॅगेत दोन इस्तरीची लुगडी ठेवली, मळमळीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली, आणि ती रोज एकदा बॅग उघडून बघायची. मुकेशनं फोनवर हौसेनं सांगितलं, जहाजावर पोहायचा हौदसुद्धा आहे. झालं! दौलतरावांना निमित्त सापडलं.

"तुले पोहता येते काय?"

"नाही," तुळसाबाई म्हणाली.

"मंग तू कायले येतं? बुडशीन, आन नाव माह्यं खराब होईन. ज्याले पोहता येते त्यानंच जहाजात बसा. मी आन खेमा जातो."

दुसऱ्या दिवशी बॅगेतून लुगडी बाहेर आणि खेमाचे शर्ट आत! लोणचं मात्र तसंच राहू दिलं. माणसांना लाज असते म्हणतात. मी तरी पाहिली नाही.

तुळसाबाई रडली नाही. निंदणाला येणाऱ्या रुपाबाईकडं गेली. रुपाबाईचं माहेर अडाण नदीच्या काठचं, ती माशासारखी पोहायची.

"रुपे, मले पोहनं शिकव."

"बाई, लोक काय म्हनतीन?"

"लोक मले जहाजात नेऊन राह्यले काय?"

भर दुपारी, गडी भाकरीला बसले की दोघी यायच्या. लुगड्यात पाय अडकतात म्हणून तुळसाबाई नवऱ्याचा जुना पायजमा घालायची. पहिल्या दिवशी तिनं मला असं आवळलं की माझा जीव व्हॉल्व्हमध्ये आला. आठव्या दिवशी तिनं हात सोडले. दहाव्या दिवशी मला नुसतं बोट लावून पाय मारायला लागली. विहिरीतले बेडूक कपारीत बसून टाळ्या वाजवत होते, खोटं नाही सांगत.

अकराव्या दिवशी रुपाबाई यायच्या आधीच तुळसाबाई एकटी पाण्यात उतरली, आणि शेजारची गोमतीबाई चारा कापायला आली. तिला काठावर तुळसाबाईच्या चपला दिसल्या, शेजारी घडी घातलेलं लुगडं. आपल्याकडं बाईच्या चपला विहिरीवर दिसल्या की एकच अर्थ! वाकून कोण बघतंय?

"धावा वो! तुळसाबाईनं विहिरीत जीव देल्ला!"

घटकाभरात दोर आला, बाज आली, अर्धं गाव आलं. दोघी-तिघींनी तर गळाही काढला. बाई पोहायला उतरली असेल, हे एकाही डोक्यात शिरलं नाही. बाई मरायला उतरली म्हटलं की सगळ्यांना पटतं. याचाच मला संताप येतो.

"मी जित्ती हावो!" खालून तुळसाबाई ओरडली. "पोहून राह्यली!"

दौलतराव धापा टाकत आले तेव्हा तोंड पांढरंफटक होतं. बायको धडधाकट दिसली तसं ते लाल झालं. ती मला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढून वर आली.

"सारा गाव गोया केला तुनं! आन थो बी माहा पायजमा घालून!"

त्यांनी गोमतीबाईच्या हातातला विळा हिसकला आणि खसकन माझ्या पोटात घातला. माझी किंकाळी पार मानोरा गावापर्यंत गेली असेल.

तुळसाबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "झालं? काढली हवा?"

आणि वळून ती पायऱ्या उतरली. एकटी. पाण्यात शिरली, समोरच्या भिंतीला हात लावला, परत आली. पुन्हा गेली. रुपाबाई काठावरून मोठ्यानं मोजत होती. तिसऱ्या खेपेला तुळसाबाई पाण्यातच थांबली.

"आता तुमी उतरा. ज्याले पोहता येते त्यानंच जहाजात बसा, तुमचंच म्हननं हाय."

दौलतराव कान चाचपायला लागले. "माह्या कानात ठणक हाय."

"कायची ठणक, दादा?" खेमा म्हणाला. "तू तं लहानपनी बी काठावरच बसे!"

सगळं गाव फिसकन हसलं. त्याच संध्याकाळी खेमाचे शर्ट बॅगेतून निघाले आणि लुगडी आत गेली. तुळसाबाई जाणार होती. आता प्रश्न दौलतरावांचा होता.

परवा ते गोठ्यात आले. कोणी नाही बघून मला खाली काढलं, ठिगळ लावलं, पंपानं हवा भरली, आणि माझा व्हॉल्व्ह म्हणजे कानच समजून हळूच म्हणाले, "बाई, एवढ्या बारी सांभाळून घे."

मी सगळी हवा त्यांच्या तोंडावर सोडली. ठिगळ कच्चं होतं म्हणाल. म्हणा.

दारात तुळसाबाई उभी होती. "राहू द्या तिले. चाला विहिरीवर, मी धरतो तुमाले."

दोघं गेली, आणि मी परत खुंटीवर आले. आता तुम्हाला एकच मागणं. मला पक्कं ठिगळ लावा आणि तुमच्या पोरी पाठवा. काठावर चपला दिसल्या तर बोंब मारायच्या आधी खाली वाकून बघा.

तुळसाबाईनं त्यांना माफ केलंय म्हणे. मी नाही केलं.